मंत्रिमहोदय, माझी मुलाखत तिसऱ्यांदा पुढे गेली आहे

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

आपलं नाव आणि खातं मी मुद्दाम लिहीत नाही. मंत्री बदलतात, प्रश्न तिथेच राहतो, म्हणून हे पत्र खुर्चीला आहे.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज आला : ‘प्रशासकीय कारणास्तव उद्याच्या मुलाखती पुढील आदेशापर्यंत स्थगित.’ तेव्हा मी एसटीत होते. मांडीवर फाइल, फाइलीत पीएचडीच्या प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती, अकरा शोधनिबंध, अनुभवाचे दाखले. जिंतूरच्या स्टँडवर उतरले आणि परतीची गाडी धरली. सहायक प्राध्यापकाच्या या एकाच जागेची मुलाखत तिसऱ्यांदा पुढे गेली. चौदा महिन्यांपूर्वी आमच्या कॉलेजात एआय केंद्राचं उद्घाटन करताना आपणच माइकवर म्हणाला होतात, ‘तीन महिन्यांत भरती करू. या ताईंसारख्या मुलींना बाहेर जायची वेळ येऊ देणार नाही.’ त्या ताई म्हणजे मी. माझ्या स्क्रीनसमोर आपण चार मिनिटं उभे होतात, फोटोही निघाले.

त्या स्क्रीनवर काय होतं हे तेव्हा सांगायला मिळालं नाही, म्हणून आता सांगते. मधुमेह असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्याचा तो फोटो होता. नारिंगी तबकडीवर रक्तवाहिन्यांचं जाळं आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बारीक रक्तवाहिन्यांना आलेले ते फुगवटे. या टप्प्यावर माणसाला काहीच त्रास होत नाही, स्वच्छ दिसत असतं. तेव्हाच ठिपके सापडले तर साखर आवरून, पुढे गरज पडली तर लेझर करून नजर राखता येते. नाही सापडले तर एक दिवस डोळ्यात रक्त उतरतं. माझ्या आईच्या उजव्या डोळ्यात ते २०१४ च्या उन्हाळ्यात उतरलं. ज्वारी निवडत बसली होती. म्हणाली, ‘सुपात काळं काय पडलं गं?’ सुपात काही नव्हतं. त्या दिवसापासून मी हा विषय धरलाय.

देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत, हे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आलं. नेत्रतज्ज्ञ आहेत वीस-पंचवीस हजारांच्या घरात, त्यातले बहुतेक शहरात. प्रत्येक रुग्णाचा पडदा डॉक्टरांनी दरवर्षी तपासायचा म्हटलं तर ते कधीच होणार नाही. म्हणून आधी संगणकाने फोटो चाळायचे आणि संशयित तेवढे डॉक्टरांकडे पाठवायचे. गुगलने २०१६ साली १,२८,१७५ फोटोंवर असं यंत्र शिकवलं. त्यात भारतातल्या नेत्र रुग्णालयांतल्या रुग्णांचे डोळे होते. आणि आपल्या नांदेडला, श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या संशोधकांनी गावातल्याच नेत्र दवाखान्यात काढलेल्या ५१६ फोटोंचा संच जगाला खुला केला. त्यातल्या ८१ फोटोंवर एकेक डाग पिक्सेल-पिक्सेल करून रंगवलेला आहे. २०१८ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि आज जगभरचे संशोधक तो संच वापरतात. मराठवाड्यात हे होऊ शकतं, मंत्रिमहोदय. झालेलं आहे.

पण दवाखान्यातला फोटो वेगळा आणि शिबिरातला वेगळा. शाळेच्या वर्गात खिडकीला सतरंजी लावून अंधार करायचा, आजोबांची मान धरायची, बाहुली बारीक, त्यात मोतीबिंदू, हातातला कॅमेरा हलतोय. थायलंडच्या दवाखान्यांमध्ये गुगलचं यंत्र नेलं तेव्हा १,८३८ पैकी २१ टक्के फोटो त्याने तपासायलाच नकार दिला. तिथे ही गत, तर आमच्या शिबिरात काय होत असेल! माझं सगळं काम या खराब फोटोंवर आहे. त्यासाठी पाच-सात वर्षं एका जागी पाय रोवून बसणारा माणूस लागतो. आणि मला पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही, तेच माहीत नसतं.

नऊ वर्षं मी तासिका तत्त्वावर आहे. गेल्या शैक्षणिक वर्षात आठ महिन्यांचे मिळून दोन लाख एकतीस हजार आले, दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये. उन्हाळ्याचे पैसे नाहीत, आजारपणाची रजा नाही. मुलगा झाला तेव्हा सत्तेचाळिसाव्या दिवशी वर्गावर उभी होते, टाके दुखत होते. तास बुडाला की पैसे बुडतात. तपासणी समिती आली की मात्र माझे अकराच्या अकरा निबंध कॉलेजच्या खात्यात मांडले जातात आणि त्या दोन दिवसांपुरती मी ‘पूर्णवेळ’ असते. प्रकल्पाच्या निधीसाठी सही मागायला गेले, तर साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही आमच्या कायम कर्मचारी नाही, जबाबदारी कोण घेणार?’

दुसऱ्या एका संस्थेत कायम जागा निघाली. मुलाखतीच्या खोलीबाहेर एका गृहस्थांनी विचारलं, ‘तयारी किती आहे?’ मी म्हणाले, तिन्ही वर्षांचे विषय शिकवू शकते. ते म्हणाले, ‘तसं नाही हो. पंचेचाळीसपर्यंत बसवू.’ लाख. माझ्या वडिलांची जमीन साडेतीन एकर कोरडवाहू आहे. अशी जागा विकत घेणारा माणूस पुढे डोळ्यातले ठिपके कशाला शोधेल? तो पैसे वसूल करेल. आणि हे तुम्हाला माहीत नाही असं मला सांगू नका. गावातल्या चहावाल्यालाही आकडे तोंडपाठ आहेत.

आणि तुम्ही उद्घाटन केलेलं ते केंद्र? कोनशिला आहे. दोन मशीन आहेत, त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. विजेची वाढीव जोडणी मंजूर नाही म्हणून नऊ महिने कुलूप आहे. मी घरी फुकटच्या ऑनलाइन जीपीयूवर, म्हणजे दुसऱ्याच्या वेगवान संगणकावर, फोटो चाळणारं मॉडेल शिकवते. रात्री दोनला ते मध्येच तुटतं, सकाळी पुन्हा पहिल्यापासून. इंडिया एआय मिशनला १०,३७२ कोटी मंजूर, संशोधनाच्या नव्या प्रतिष्ठानला पाच वर्षांत ५०,००० कोटी, त्यातले बहुतेक खासगी क्षेत्राकडून यायचे. एवढे आकडे ऐकतो, आणि देश संशोधनावर खर्च करतो जीडीपीच्या ०.६४ टक्के. यंत्राला पैसा, इमारतीला पैसा, मंडपाला पैसा. ते यंत्र चालवणाऱ्या माणसाला मात्र तासावर मजुरी. मग माझे तीन विद्यार्थी जर्मनीला गेले, एक बंगळुरूला एका कंपनीत गेला, तर त्यांना देशप्रेम शिकवायचा अधिकार कुणाला आहे?

मागणं फार नाही. मुलाखतीची तारीख द्या आणि ती पाळा. तासिकेचे पैसे दर महिन्याला खात्यात टाका. केंद्राची वीज जोडा, किल्ली मिळाली की मी रविवारीही येईन.

आईच्या डाव्या डोळ्याचा फोटो दर सहा महिन्यांनी मीच काढून आणते. मागच्या महिन्यात त्यात चार नवे ठिपके दिसले. तिला अजून सांगितलेलं नाही.

फाइल पिशवीतून बाहेर काढलेली नाही. तारीख कळवा.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका