माळ्यावरची ट्रंक भंगारात देण्याआधी आम्हाला दाखवा

गोव्यातील फोंडा तालुक्याचे ग्रामस्थ, देवस्थानांचे महाजन (म्हणजे देवळांचे पिढीजात हक्कदार) आणि नाट्यमंडळे यांना संग्रहालय समितीची विनंती.

चतुर्थीच्या आधी साफसफाई निघते आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. तांब्यापितळेला भाव असतो, म्हणून ते राहते. कागद मात्र जातो. आम्हाला नेमका तोच हवा आहे. जत्रेतल्या नाटकांच्या जाहिराती, हाताने उतरवून घेतलेल्या नाटकांच्या प्रती, स्त्रीपार्टी नटांचे फोटो, मंडळाचा जमाखर्च. पायपेटी किंवा रंगवलेला पडदा मिळाला तर सोन्याहून पिवळे!

गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर 1900 साली मंगेशीत जन्मले. केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण इथल्याच देवळांपुढे रात्रभर उभे राहणारे हौशी नट कोण, वर्गणी किती जमायची, तालीम कोणाच्या पडवीत व्हायची, हे फक्त तुमच्या ट्रंकेतल्या वह्या सांगतील.

देवळांच्या महाजनांना आणखी एक सांगणे. जीर्णोद्धार जरूर करा, पण भिंतीवर कावी काम असेल तर टाइल्स बसवण्यापूर्वी आम्हाला कळवा. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरून काढलेली ही चित्रे एकदा पाडली की पुन्हा जोडता येत नाहीत. निदान फोटो आणि मापे तरी घेऊ. जुन्या घुमट या मातीच्या वाद्याला घोरपडीचे कातडे असेल तर वस्तू आणण्याआधी बोला. वन्यजीव कायद्याचा प्रश्न येतो.

पैसेही हवेत, ते स्पष्टच सांगतो. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते, वाळवी तर बारमाही. खोलीतली दमट हवा कोरडी ठेवणारे यंत्र, आम्लमुक्त कागदाची पाकिटे, लोखंडी कपाटे आणि स्कॅनर यांवरच देणगी खर्च होईल. उद्घाटनाच्या मांडवावर आणि शाल-श्रीफळावर एक रुपयाही जाणार नाही. प्रत्येक देणगीची पावती मिळेल.

वस्तू कायमची द्यायची नसेल तर स्कॅन करून मूळ प्रत परत करू. देताना ती कोणाची, कोणत्या वाड्यावरची, कशासाठी वापरायचे, एवढे चार ओळींत लिहून द्या. लिहिणे जमत नसेल तर आमचे कार्यकर्ते घरी येऊन ऐकून घेतील. मोडी वाचणारे कोणी असल्यास त्यांनी तर अवश्य यावे, कागदांचे दोन गठ्ठे त्यांच्यासाठीच थांबले आहेत.

संग्रहालय समिती, फोंडा