धाकट्याच्या निदानाविषयी आई-बाबांना पत्र

राजेंद्रनगर, इंदूर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असताना डॉक्टर कॅन्सर कशावरून म्हणतात, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला फोनवर नीट देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

धाकट्याच्या यकृतातील गाठ फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा या प्रकारची आहे. यकृतातच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी हा फार विरळ प्रकार असून तो बहुधा तरुण वयात आणि एरवी निरोगी असलेल्या यकृतात होतो. नेहमीच्या यकृताच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू अथवा सिरोसिस (यकृत कडक होऊन आकसण्याचा आजार) असतो. इथे त्यांपैकी काहीच नाही. तेव्हा आपल्या लष्कर भागातल्या मंडळींनी त्याच्या दारूविषयी जी कुजबुज चालवली आहे, तिला बाबांनी स्पष्ट उत्तर द्यावे.

यकृताच्या कर्करोगासाठी रक्तात तपासले जाणारे अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन नेहमीच्या प्रकारात पुष्कळदा वाढते, या प्रकारात मात्र ते बहुतेकदा नॉर्मलच राहते. त्यामुळे त्या रिपोर्टवरून रोग नाही असे म्हणता येत नव्हते. एमआरआयमध्ये गाठीच्या मधोमध व्रणासारखा भाग दिसला. तसा व्रण यकृतातल्या एका निरुपद्रवी गाठीतही असतो, परंतु त्या गाठीतला व्रण एमआरआयच्या टी-टू नावाच्या चित्रात उजळ दिसतो आणि या रोगातला बहुधा काळसर. आपल्याकडे तो काळसर होता. तरीही केवळ चित्रावर विसंबणे डॉक्टरांना पटले नाही, म्हणून बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा लहान तुकडा काढून तपासला, आणि मला तेच योग्य वाटले. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, गुलाबी पेशी व त्यांच्यामधून समांतर गेलेले तंतूंचे पट्टे दिसले. या रोगाच्या पेशींत सहसा आढळणाऱ्या सीके-७ आणि सीडी-६८ या प्रथिनांच्या दोन्ही तपासण्याही पॉझिटिव्ह आल्या.

सर्वाधिक वेळ जनुकतपासणीला लागला. या रोगाच्या पेशींमध्ये डीएनएजेबी-१ आणि पीआरकेएसीए ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात, हे २०१४ मध्ये उघड झाले; धाकट्याच्या गाठीतही तोच जोड सापडल्याने निदान पक्के झाले. हा बदल गाठीच्या पेशींत घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. आई, "माझ्या माहेरी कोणाला होते का" हे आठवत बसणे तू कृपया थांबव.

गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी आहे. तिच्याबरोबर आसपासच्या लसीका ग्रंथीही काढतील. तारीख ठरताच कळवीन. तोवर कोणीही सुचवलेला काढा त्याला पाठवू नये, कारण शस्त्रक्रियेपूर्वी यकृतावर नव्या औषधाचा भार नको असे डॉक्टरांनी बजावले आहे.

आपली,
थोरली