सेक्रेटेरिएटच्या लेकींचा हिशेब

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील सेक्रेटेरिएट या अमेरिकन रेसच्या घोड्यावरचा लेख आवडीने वाचला. १९७३ च्या बेलमाँट स्टेक्स या रेसचे वर्णन त्यात छान उतरले आहे. मात्र शेवटी ‘ट्रॅकवर सम्राट, स्टडवर फुसका बार’ असा निकाल देऊन (स्टड म्हणजे पैदाशीचा फार्म) लेखक मोकळे झाले आहेत आणि सोबतच्या वंशवेलीच्या चौकटीत त्यांनी फक्त मुलगे दाखवले आहेत. चूक इथेच झाली. या घोड्याची खरी मिळकत लेकींच्या नावावर जमा आहे. वहीतली ती पाने फाडून हिशेब केला तर तोटाच दिसणार.

आधी रेसेसबद्दल थोडे. एकूण २१ रेसेस, १६ विजय, तीनदा दुसरा, एकदा तिसरा, एकदा चौथा. त्या तीन दुसऱ्या क्रमांकांतली १९७२ ची शॅम्पेन स्टेक्स त्याने प्रत्यक्षात जिंकली होती. वाटेत दुसऱ्या घोड्याला धडकल्याबद्दल स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, त्याला खाली ढकलले. ‘बेलमाँटला बाकीचे घोडे दमले म्हणून ३१ लेंग्थ’ हे लेखातले वाक्य अर्धेच खरे आहे. लेंग्थचा, म्हणजे घोड्याच्या लांबीच्या मापाचा, आकडा मागच्या घोड्यांवर अवलंबून असतो, घड्याळ नसते. दीड मैलाचे पाव-पाव मैलाचे सहा तुकडे त्याने अनुक्रमे २३.६, २२.६, २३.६, २४.४, २४.८ आणि २५ सेकंदांत काढले. एकूण २ मिनिटे २४ सेकंद. पहिला अर्धा मैल ४६.२ सेकंदांत पळालेला घोडा दीड मैलाच्या रेसमध्ये शेवटी सहसा मोडतो. बरोबरीने पळणारा शॅम मोडला आणि पाचात पाचवा आला. याला शेवटचा पाव मैलही २५ मध्ये निघाला. आधीचा बेलमाँटचा विक्रम १९५७ मध्ये गॅलंट मॅनने केलेला, २ मिनिटे २६.६ सेकंदांचा. एका सेकंदाला पाच लेंग्थ या रेसकोर्सवरच्या हिशेबाने जुना विक्रमवीरही तेरा लेंग्थ मागे राहिला असता. सेक्रेटेरिएटवर लावलेल्या दोन डॉलरला जेमतेम २ डॉलर २० सेंट मिळाले. तरीही विजयाची पाच हजारांवर तिकिटे लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून जपली.

केंटकी डर्बीचे तुकडे याहून बोलके आहेत: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. सव्वा मैलात प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा वेगात. प्रीकनेस या रेसला इलेक्ट्रिक घड्याळच बिघडले. अधिकृत वेळ आधी १ मिनिट ५५, मग १ मिनिट ५४.४ अशी लावली गेली आणि अखेर २०१२ मध्ये व्हिडिओ पुन्हा तपासून मेरीलँडच्या रेसिंग कमिशनने १ मिनिट ५३ ठरवली. लेखात जुनाच आकडा आहे.

वुड मेमोरियलमधल्या पराभवाला लेखकाने ‘अनाकलनीय’ म्हटले आहे. कारण साधे होते. डर्बीच्या दोन आठवडे आधीच्या या रेसच्या वेळी त्याच्या वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला गळू झाले होते. पळता घोडा लगामाच्या तोंडातल्या दांडीवर थोडा भार टाकतो, जॉकी त्या ताणातूनच त्याला ‘आता चल’ सांगतो. गळवाला दाब बसला की घोडा मान वर झटकतो, दांडी धरतच नाही आणि जॉकीला वाटते की जनावरात आज दमच नाही. रॉन टरकॉटला नेमके तेच जाणवले. गळू फुटून गेले आणि डर्बीला घोडा पूर्ववत होता. ऑगस्टमध्ये साराटोगा रेसकोर्सवर ऑनियनकडून झालेल्या पराभवामागे विषाणूजन्य ताप होता. सप्टेंबरअखेर वुडवर्ड रेसमध्ये प्रूव्ह आउटने चिखलात हरवले, तिथे मात्र सबब देण्यासारखे फारसे नाही. ऑनियन आणि प्रूव्ह आउट हे दोन्ही घोडे ॲलन जर्केन्स या एकाच ट्रेनरचे. त्याचे नाव लेखात हवे होते.

आता मुद्द्याकडे. १९७३ च्या जानेवारीत ख्रिस्तोफर चेनेरी वारले. वारसा कराचा बोजा मोठा होता, म्हणून त्यांच्या कन्या पेनी यांनी घोडा तीन वर्षांचा होऊन एकही रेस पळण्याआधीच त्याचे सिंडिकेट करायचे, म्हणजे मालकी भागांत विकायची, ठरवले. क्लेबोर्न या घोडेपैदाशीच्या फार्मच्या सेथ हॅनकॉक यांनी ३२ भाग, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलर, असे एकूण ६० लाख ८० हजार डॉलर जमवले. तेव्हाचा हा विक्रम होता. एका भागाचा अर्थ दर हंगामात एक घोडी नेण्याचा हक्क. अट ही की तीन वर्षांचे वर्ष संपताच घोडा निवृत्त होणार. म्हणून चार वर्षांचा सेक्रेटेरिएट कुणाला पळताना दिसलाच नाही.

थरोब्रेड या रेसच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही. नर आणि मादी प्रत्यक्षच एकत्र आणावे लागतात. उत्तर गोलार्धात हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतो, कारण गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा आणि सगळ्या शिंगरांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. डिसेंबरअखेरीस जन्मलेले शिंगरू आठवडाभरातच कागदोपत्री एक वर्षाचे होऊन बसते! हल्ली लोकप्रिय स्टॅलियन एका हंगामात दीडशेहून जास्त घोड्या फळवतो. सत्तरच्या दशकात तीस-चाळीस हीच भरगच्च यादी मानत. तेव्हा सेक्रेटेरिएटच्या संततीची मोजदाद आजच्या फुटपट्टीने करू नये.

क्लेबोर्नला पोहोचताच पहिला घोळ झाला. तपासणीत त्याच्या वीर्यात अपक्व पेशी आढळल्या. तीन वर्षांच्या नुकत्याच रेसमधून उतरलेल्या घोड्यात असे दिसू शकते, पण एवढे पैसे गुंतलेले असताना सगळ्यांचे धाबे दणाणले. उपाय म्हणून थरोब्रेड नसलेल्या घोड्या त्याच्याकडे नेल्या. त्यांतली लिओला नावाची अपालूसा घोडी गाभण राहिली आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये तिला फर्स्ट सेक्रेटरी हे शिंगरू झाले. म्हणजे या महान थरोब्रेडचे थोरले अपत्य थरोब्रेड नाही.

पुढची चूक बाजाराने केली. पहिल्या खेपेतला कॅनेडियन बाउंड १९७६ च्या किनलँड लिलावात १५ लाख डॉलरला गेला. दहा लाखांची वेस ओलांडणारा तो पहिला यर्लिंग, म्हणजे एक वर्षाचे शिंगरू. त्याला एकही रेस जिंकता आली नाही. ‘सेक्रेटेरिएट फसला’ ही आवई इथून उठली आणि आपल्या लेखापर्यंत येऊन पोहोचली आहे.

वस्तुस्थिती अशी. साडेसहाशेच्या आसपास संततीतून पन्नासहून अधिक स्टेक्स (मोठ्या बक्षिसांच्या रेस) विजेते, म्हणजे शंभरात आठ. अमेरिकेत शंभरात दहा गाठणारा सायर, म्हणजे बाप-घोडा, उत्तम समजतात, तेव्हा हा आकडा लाज वाटावी असा खचितच नाही. लेडीज सीक्रेट ही लेक १९८६ ची हॉर्स ऑफ द इयर, रायझन स्टार १९८८ च्या प्रीकनेस आणि बेलमाँटचा विजेता (बेलमाँट पावणेपंधरा लेंग्थने), किंग्स्टन रूल १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत जिंकणारा. जनरल असेंब्ली या मुलग्याने १९७९ ची ट्रॅव्हर्स रेस दोन मिनिटांत मारली, ती वेळ साराटोगाला २०१६ पर्यंत टिकली. पण तुलना कुणाशी झाली? बाप बोल्ड रूलरशी. त्याचे ३५५ पैकी ८२ स्टेक्स विजेते, शंभरात तेवीस. आणि दुसरी तुलना खुद्द स्वतःशी. या दोन पारड्यांत कोणताही घोडा हलकाच ठरणार. एक मात्र कबूल करायला हवे: मुलग्यांपैकी एकही मोठा सायर झाला नाही. बापाची ओळ तिथे खुंटली, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे.

लेकींकडे वळले की चित्र पालटते. टर्लिंग्वा १९७६ ची. तिचा मुलगा स्टॉर्म कॅट १९८३ चा, तो स्टडवर गेला १९८८ मध्ये, आणि अमेरिकेतला अव्वल सायर झाला १९९९ आणि २००० मध्ये. एका फळवणीची फी पाच लाख डॉलरपर्यंत चढली. वीकेंड सरप्राइझ या लेकीने समर स्क्वॉल दिला, त्याने १९९० ची प्रीकनेस जिंकली. तिचाच ए. पी. इंडी १९९२ मध्ये बेलमाँट आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकून हॉर्स ऑफ द इयर झाला, पुढे २००३ आणि २००६ मध्ये अव्वल सायर. त्याचा मुलगा पुलपिट, पुलपिटचा टॅपिट, आणि टॅपिटच्या चार मुलांनी बेलमाँट मारली. सेक्रेटटेमने गॉन वेस्ट दिला, सिक्स क्राउन्सने चीफ्स क्राउन. १९९२ मध्ये सेक्रेटेरिएट अमेरिकेतला अव्वल ब्रूडमेअर सायर, म्हणजे लेकींच्या संततीने मिळवलेल्या बक्षिसांच्या बेरजेत पहिला होता. त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. आणखी पुढे या. २०१८ ची ट्रिपल क्राउन (डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेसेस) जिंकणारा जस्टिफाय स्कॅट डॅडीचा, तो जोहान्सबर्गचा, तो हेनेसीचा, तो स्टॉर्म कॅटचा. २०१५ चा अमेरिकन फॅरो आईच्या बाजूने स्टॉर्म कॅटच्याच घरातला.

लेकींचा हिशेब लागायला उशीर का होतो, हे वरच्या तारखांतच आहे. मुलगा दोन-तीन वर्षांचा होताच ट्रॅकवर दिसतो. लेकीने आधी पळायचे, मग स्टडवर जायचे, वर्षाला फार तर एक शिंगरू द्यायचे, मग ते पळायचे, आणि ते नर असेल तर त्याच्या संततीची वाट पाहायची. टर्लिंग्वापासून स्टॉर्म कॅटच्या अव्वल क्रमांकापर्यंत तेवीस वर्षे गेली. लिलावाचा बाजार इतका धीर धरत नाही.

आणि लेकीच का? लेखात एका ओळीत ‘मोठ्या हृदयाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने’ असे ठणकावून सांगितले आहे. मुलाला बापाकडून वाय मिळतो आणि लेकीला एक्स, हे बरोबर. पण हृदयाचा आकार एकाच जनुकावर आणि तोही एक्सवरच ठरतो, हे सिद्ध झालेले नाही. शिवाय सेक्रेटेरिएटचे दहा किलोचे ते प्रसिद्ध हृदय कुणी तराजूत टाकलेच नव्हते. शवविच्छेदन करणारे डॉ. थॉमस स्वर्झेक यांनी नंतर शॅमचे हृदय तोलले, ते १८ पौंड भरले. त्यावरून सेक्रेटेरिएटचे २२ पौंड (दहा किलो) असावे असा त्यांचा अंदाज. निरोगी हृदय साधारण नऊ पौंडांच्या घरात असते, तेव्हा अंदाजही थक्क करणाराच आहे, पण तो वजन म्हणून छापू नये.

आम्हाला साधे कारण अधिक पटते. सिंडिकेटच्या भागधारकांनी आपल्या पागेतल्या सर्वोत्तम घोड्या त्याच्याकडे धाडल्या. सिक्स क्राउन्सची आई ख्रिस एव्हर्ट ही स्वतः चॅम्पियन. अशा घराण्यातल्या लेकी ट्रॅकवर चमकल्या नाहीत तरी विकल्या जात नाहीत. त्या ठेवून घेतात आणि पुन्हा उत्तमातल्या उत्तम नराकडे नेतात: स्टॉर्म बर्ड, सिॲटल स्ल्यू, मिस्टर प्रॉस्पेक्टर. मुलग्याला ही दुसरी संधी नसते. पहिल्या दोन-तीन खेपा फिक्या निघाल्या की चांगल्या घोड्या त्याच्याकडे येणे बंद होते. दुसरे असे की सेक्रेटेरिएटच्या लेकींत हाड, उंची आणि लांब टाप होती, तिला वेगवान नराची जोड मानवली. खुद्द सेक्रेटेरिएटही याच रीतीने घडलेला: बोल्ड रूलरकडून वेग, आणि दीड मैलाचा दम मात्र आई समथिंगरॉयलचा बाप प्रिन्सक्विलो याच्याकडून आला असे जाणकार मानतात. दौहित्राच्या अंगी मातामहाचे गुण उतरतात, ते इथे दोन पिढ्या लागोपाठ दिसतात.

शेवटचे, ‘वृद्धापकाळाने निधन’ हे चूक आहे. तो १९ वर्षांचा होता आणि गेला लॅमिनायटिसने. घोड्याच्या खुराचे कवच आतल्या हाडाला नाजूक पापुद्र्यांनी चिकटलेले असते. दाह होऊन पापुद्रे सुटले की वरून अर्ध्या टनाचे वजन आणि मागून स्नायुबंधाचा ओढा, यांत हाड फिरून टोक तळव्याकडे वळते. घोडा पुढचे पाय ताणून मागे रेलून उभा राहू लागतो, दर पावलाला ठणका. खूर कापून, तळव्याला आधार देऊन, वेदनाशामके देऊन काहींना वाचवता येते. त्याच्यावर महिनाभर उपचार झाले. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्याला कायमचे झोपवले. प्रथेप्रमाणे रेसच्या घोड्याचे डोके, हृदय आणि खूर तेवढे पुरतात. क्लेबोर्नने त्याला अखंड पुरले.

वंशवेलीची चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी ही विनंती. टर्लिंग्वा, वीकेंड सरप्राइझ, सेक्रेटटेम आणि सिक्स क्राउन्स ही चार नावे तीत हवीतच. जागा अपुरी पडली तर जनरल असेंब्लीला वगळले तरी चालेल.

आपले,
रेसिंग आणि ब्रीडिंगचे काही जुने अभ्यासक वाचक