‘निसार’ एकटा पुरणार नाही

संपादक महोदय,

‘निसार’च्या कौतुकात एक साधा हिशेब राहून जातो आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीने नासा आणि इस्रोचा हा जमिनीवर नजर ठेवणारा रडार उपग्रह वर नेला. नासाचे एल-बँड रडार, इस्रोचे एस-बँड रडार (बँड म्हणजे रडारच्या लहरींच्या लांबीचा पट्टा), १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना आणि दीड अब्ज डॉलरच्या घरातला खर्च. ढग, पाऊस, रात्र यांपैकी कशानेच त्याचे काम अडत नाही. माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले तीही ३० जुलैच, २०१४ ची. तेव्हा सह्याद्रीतल्या दरडींचा विषय निघाला की निसारचे नाव येणार, हे ओघानेच आले.

पण निसार एका ठिकाणावरून १२ दिवसांत दोनदाच जातो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरले आणि दुसऱ्या दिवशी ओसरूही लागले. असा पूर त्याच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत येऊन गेला तर त्याला दिसणारच नाही. (मुसळधार पावसात एका रात्रीत सुटणारी दरड कोणताही उपग्रह आधी सांगेल, अशीही आशा नको. त्याला दिसते ती महिनोन्‌महिने मिलिमीटर-सेंटिमीटरने सरकणारी जमीन.) फेऱ्या वाढवायच्या तर उपग्रह वाढवायला हवेत, आणि एवढे महाग उपग्रह एकट्याने वाढवणे कोणालाच परवडत नाही.

इटली आणि अर्जेंटिना यांनी यावर काढलेला मार्ग आपल्याकडे फारसा चर्चेत नाही. इटलीचे कॉस्मो-स्कायमेड उपग्रह एक्स-बँडचे. त्यांची लहर सुमारे ३ सेंटिमीटरची, त्यामुळे तपशील बारीक मिळतो, पण ती झाडांच्या पानांवरच अडते. अर्जेंटिनाने २०१८ आणि २०२० मध्ये सोडलेले दोन साओकॉम एल-बँडचे. त्यांची लहर २३-२४ सेंटिमीटरची. ती पानांचे आच्छादन भेदून खाली जाते, मातीतला ओलावाही सांगते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची, हे दोघांनी कागदावर असतानाच ठरवले आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी दोन्ही ताफ्यांची मिळून एकच यंत्रणा केली. अर्जेंटिना काही श्रीमंत देश नव्हे.

एकट्याच्या भरवशावर राहिले की काय होते, तेही दिसले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांच्या जोडीतला सेंटिनेल-१बी वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने बंद पडला आणि एका जागेवर सहा दिवसांनी होणारी फेरी १२ दिवसांवर गेली. सेंटिनेल-१सी डिसेंबर २०२४ मध्ये उडाला, म्हणजे जोडी पुन्हा जमायला तीन वर्षे लागली. आपला ईओएस-०९ हा रडार उपग्रह मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडामुळे कक्षेपर्यंत पोचलाच नाही.

आपत्तीनंतर उपग्रह-प्रतिमा फुकट पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सनदेत इस्रो २००१ पासून आहे. युरोपशी २०१८ चा करार आहे, तोही मुख्यतः डेटाच्या देवाणघेवाणीचा. माझा आग्रह याच्या पुढचा आहे: वेळापत्रकाची देवाणघेवाण करा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत निसार, सेंटिनेल-१ची जोडी, आपला ईओएस-०४ आणि जपानचा अलोस-४ हे रडार उपग्रह पश्चिम घाटावरून कोणत्या दिवशी जाणार हे एकत्र मांडा, आणि ज्या उपग्रहांना आयत्या वेळी काम सांगता येते त्यांनी मधले रिकामे दिवस भरावेत असे ठरवा. कक्षा सहजी बदलता येत नाहीत हे खरे, पण नवे उपग्रह आखतानाच भागीदारांशी बोलता येते. इटली-अर्जेंटिनाने तेच केले.

राज्याच्या वाट्याचे कामही आहेच. निसारचा डेटा सर्वांना खुला आहे, पण तो वाचणार कोण? नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राला हे काम, त्यासाठीची माणसे आणि निष्कर्ष लगेच जाहीर करण्याची मोकळीक द्यावी. मोकळीक हा शब्द मुद्दाम वापरला. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन १२ दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याचा इस्रोच्या हैदराबाद केंद्राचा अहवाल संकेतस्थळावर आला आणि लगोलग काढून घेण्यात आला. संस्थांनी माध्यमांशी बोलू नये, अशी सूचनाही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिली. परदेशांशी माहिती वाटून घेण्याचे करार आपण करतो, मग ज्याच्या घराला तडे गेले आहेत त्याच्यापासून ती लपवायची कशाला?

आपला,
एक वाचक, सातारा