तोंडी तडजोड आणि कोर्टाचा हुकूमनामा

महोदय,

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की कौटुंबिक न्यायालयात एक प्रश्न हमखास येतो. घटस्फोट झाला तेव्हा मूल बालवाडीत होते आणि दरमहा 6,000 रुपये ठरले. आता ते सातवीत गेले, फी आणि शिकवणीतच त्याच्या दुप्पट जातात. पण 'कन्सेन्ट टर्म्स'वर (घटस्फोटाच्या संमतीपत्रावर) सही केली आहे, मग आता काय करणार? ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी होणारे नुकसान आम्ही रोज पाहतो, म्हणून हे पत्र.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 नुसार हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम हुकूम) झाल्यानंतरही मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण यांबाबतचा आदेश न्यायालय बदलू शकते. विशेष विवाह कायद्यात हीच सोय कलम 38 मध्ये आहे. ताब्याचे आदेश मुळातच तात्पुरते असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रोझी जेकब प्रकरणात म्हटले. 2010 मध्ये विक्रम वीर व्होरा प्रकरणात परस्परसंमतीने ठरलेल्या ताब्यालाही तेच तत्त्व लावले. तिथे आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचे होते. मुलाला सोबत नेण्याची परवानगी मिळाली आणि वडिलांच्या भेटी नव्याने आखल्या गेल्या. आईने 'मुलाची पोटगी सोडली' असे संमतीपत्रात लिहून दिले असले, तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही.

घोटाळा होतो तो तोंडी तडजोडीने. समजा, वडिलांची नोकरी गेली. हुकूम दरमहा 12,000 चा आहे, पण फोनवर ठरवून ते 5,000 पाठवू लागतात आणि आई 'बरं' म्हणते. दीड वर्षाने दोघांचे बिनसते आणि ती वसुलीची दरखास्त लावते. महिना 7,000 प्रमाणे 18 महिन्यांची थकबाकी 1,26,000 रुपये होते. न्यायालय आधी हुकूम पाहते, फोनवरचे बोलणे नंतर. आणि आज रक्कम कमी करून मिळाली, तरी अर्जाच्या आधी साचलेली बाकी त्याने सहसा पुसली जात नाही. म्हणून पगार थांबला त्याच महिन्यात अर्ज टाकावा आणि जमेल तेवढी रक्कम बँकेतूनच भरत राहावे. रोख तर कधीच देऊ नये. दोघांचे खरोखर जुळले असेल तर नव्या अटी लिहून, दोघांनी सही करून, न्यायालयात दाखल करून आदेश घ्यावा.

गप्प बसणाऱ्या आईचेही नुकसान आहेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालच्या (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 च्या) पोटगीच्या आदेशावर वसुली वॉरंट हवे, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. वरच्या उदाहरणात पोटगी त्या कलमाखालची असती, तर शेवटचे 84,000 वॉरंटने मागता आले असते आणि उरलेल्या 42,000 साठी वाद घालत बसावे लागले असते. कलम 26 खालच्या आदेशाची दरखास्त दिवाणी पद्धतीने चालते, तिथे ही वर्षाची अट नाही. पगारावर जप्ती आणता येते, फक्त एक तृतीयांश पगार सोडावा लागतो.

अर्ज कुठे करायचा, यातच अनेकांचे महिने जातात. रक्कम ज्या न्यायालयाने ज्या प्रकरणात ठरवली, बदल तिथेच मागायचा. रजनेश विरुद्ध नेहा या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने हे स्पष्ट केले आहे. 144 खालचा आदेश असेल तर बदल कलम 146 खाली मागतात. ताब्यासाठी मात्र 1890 चा पालक आणि पाल्य कायदा कोणत्याही धर्माच्या पालकांना खुला आहे, आणि तो अर्ज मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयात जातो. आई मुलाला घेऊन पुण्याहून नागपूरला गेली असेल तर हा फरक फार महाग पडतो.

रजनेश निकालानेच दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि दायित्वांचे शपथपत्र सक्तीचे केले. बहुतेक अर्ज इथेच पडतात. 'महागाई वाढली' एवढ्यावर कोणी रक्कम वाढवत नाही. हुकूम झाला त्या वर्षीचा खर्च आणि आजचा खर्च शेजारी शेजारी मांडावा, सोबत शाळेच्या पावत्या, शिकवणी, बस, औषधे. उत्पन्नाकरिता तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, पगारचिठ्ठ्या आणि सगळ्या खात्यांचे उतारे जोडावेत. एक खाते लपवले आणि ते उलटतपासणीत निघाले, की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र हवे. मुलांच्या पोटगीचे ठरलेले सूत्र कायद्यात नाही. दोघे कमावते असतील तर खर्च दोघांत वाटला जातो. 2000 च्या पद्मजा शर्मा प्रकरणात वडील आणि आई यांचा वाटा 2:1 ठरला होता.

भेटू देत नाही म्हणून पैसे बंद, पैसे नाहीत म्हणून भेट बंद, हा खेळ दोघांनाही नडतो. पोटगी आणि भेट यांचे हुकूम वेगळे आहेत आणि एकाचा भंग हे दुसऱ्याच्या भंगाचे कारण म्हणून चालत नाही. भेट अडवली जात असेल तर दर वेळची तारीख आणि वेळ टिपून त्याच न्यायालयात अर्ज करावा. नवा आदेश मागताना 'योग्य वेळी भेट' असले मोघम शब्द टाळावेत. शनिवारी सकाळी 10 ते रविवारी संध्याकाळी 6, मुलाला कुठून घ्यायचे, कुठे सोडायचे, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, आठवड्यात व्हिडिओ कॉल किती, पासपोर्ट कोणाकडे, हे सगळे त्यात लिहिलेले असावे.

समजण्याइतक्या वयाच्या मुलाचे म्हणणे न्यायाधीश सहसा आपल्या दालनात ऐकतात. पढवलेले मूल दोन वाक्यांत ओळखू येते, आणि ते पढवणाऱ्याच्याच विरुद्ध जाते.

अठराव्या वर्षाचाही विचार आधीच करावा. बारावीच्या सुमारास मूल 18 पूर्ण करते आणि अज्ञान (18 वर्षांखालील) मुलाची पोटगी तिथे संपते, म्हणजे कॉलेजचा मोठा खर्च सुरू होतो नेमका तेव्हाच. अविवाहित मुलीला हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम 20 चा आधार आहे, मुलाला तसा नाही. म्हणून पदवीपर्यंतची फी कोण भरणार आणि रक्कम दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, ही दोन वाक्ये पहिल्याच संमतीपत्रात घालून घ्यावीत. संमतीच्या घटस्फोटात सगळे घाईत असतात (आम्ही वकीलही), आणि तीच राहून जातात.

न्यायालयाच्या प्रशासनाला आमची एक सूचना आहे. हुकूमनाम्याच्या प्रतीसोबत मराठीत अर्धे पान जोडावे: परिस्थिती बदलल्यास कोणत्या कलमाखाली, कुठे, कोणत्या कागदांसह अर्ज करायचा. समुपदेशकांच्या खोलीबाहेरही तेच पान चिकटवता येईल.

– कौटुंबिक न्यायालयात काम करणारे दोन वकील, पुणे