हँडपॅनला संगीताच्या पानावर जागा द्या

महोदय,

हँडपॅनवर, म्हणजे हातांनी वाजवायच्या पोलादी, घुमटाकार वाद्यावर, काही छापून आले की ते बहुधा मनःशांतीच्या सदरात असते आणि त्यात ‘प्राचीन वाद्य’ असा उल्लेख हमखास असतो. मी तबला वाजवतो, म्हणून हे जास्त खटकते. प्राचीन कसले? फेलिक्स रोहनर आणि सबिना शेअरर यांनी २००० साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ‘हँग’ हे या जातीचे पहिले वाद्य घडवले, तेव्हापासूनची ही गोष्ट. त्यामागे त्रिनिदादचा स्टीलपॅन (पोलादी पिंपापासून केलेले सुरेल वाद्य) होता, तसा आपला घटम, म्हणजे वाजवायचा मातीचा घडाही होता.

हँडपॅन वाजवणारा ऑस्ट्रियाचा मानु डेलागो मूळचा तालवादक. आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिच्या ‘बायोफिलिया’ दौऱ्यात त्याने साथ केली; सतारवादक अनुष्का शंकर यांच्या ‘लँड ऑफ गोल्ड’ (२०१६) या अल्बमच्या रचनांतही त्याचा मोठा वाटा आहे. एका पॅनवर साधारण आठ-नऊ सूर, तेही बांधलेले. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, कोमलाचा शुद्ध करता येत नाही. सतार सूर खेचत असताना एवढ्या भांडवलावर तिच्याशी संवाद साधायचा, हे कसब आहे. (तबल्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या बोटांचे वजन जरूर ऐकावे.)

अशा वादकांवर पुढे लिहाल, तेव्हा लेख संगीतसमीक्षकाकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

– एक तबलावादक वाचक