दत्त्यास पत्र: दारातल्या कॅरॅव्हॅनची राखण

स्विंडन, इंग्लंड,
रविवार रात्र

प्रिय दत्त्या,

शिव्या घालणार असशील तर आधी घालून घे, मग पुढं वाच. दिवाळीला फोन नाही, तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजला नुसता अंगठा, मीनल पण मला तेच म्हणाली की दत्ताभाऊजींना कुणी असं करतं का. आम्ही सगळे बरे आहोत, माझी शुगर जरा वर, गोळी सुरू केलीय, आईचे गुडघे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. झालं.

आता खरं. समोरच्या म्हाताऱ्याची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, ती गेली. चोरीला. भर दुपारी, मंगळवारी, आणि अख्ख्या गल्लीनं बघितलं रे! पिवळी जाकिटं घातलेली दोघं आली, एक व्हॅन, बॅटरीवरचा ग्राइंडर काढला, चाकाचा क्लॅम्प कापला, आवाज झालाच की, पण इथं कुणाच्या ना कुणाच्या घराचं काम चालूच असतं आणि पिवळं जाकीट घातलं की माणूस कुणाला दिसतच नाही. शेजारच्या बाईंनी तर त्यांना रिव्हर्स घेताना हात करून दिशा दाखवली, सर्व्हिसिंगला न्यायला आलेत असं वाटलं म्हणे तिला. म्हातारा-म्हातारी लेकीकडं गेलेली, संध्याकाळी आले तर घरापुढच्या ड्राइव्हवर नुसता कापलेला क्लॅम्प आणि खाली गवताचा पिवळा चौकोन. पोलिसांनी फोनवर एक नंबर दिला, इन्शुरन्सला द्यायला. संपला विषय.

तुला म्हणून सांगतो, मला पहिल्यांदा म्हाताऱ्याचं वाईट वाटलं नाही, पहिल्यांदा मी आमची जागेवर आहे का ते बघितलं.

तू म्हणशील नंबरवरून सापडेल की. इथंच गंमत आहे. मला पण घेईपर्यंत माहिती नव्हतं, या कॅरॅव्हॅनला आपल्या आरसीसारखं सरकारी काही नसतंच. मागं जी प्लेट असते ती ओढणाऱ्या गाडीच्या नंबरची. म्हणजे चोरानं आपली गाडी जोडली, आपल्या नंबरची प्लेट मागं अडकवली की रस्त्यावर बघणाऱ्याला ती त्याचीच. हिचचा, म्हणजे गाडीला जोडायचा, गोळा सगळ्यांचा ५० मिलिमीटरचाच, त्यामुळं कुणाचीही कुणालाही जुळते, लाइटचा प्लग पण बहुतेक सारखाच. १९९२ पासून कॅरॅव्हॅन बनवणाऱ्यांनी आपलं आपण एक रजिस्टर चालू केलंय, क्रिस म्हणतात त्याला, सतरा आकडी नंबर चेसिसवर आणि काचांवर कोरलेला असतो, नवीन गाड्यांत चिप पण लपवलेली असते. पण ते तपासणार कोण, तर पुढचा विकत घेणारा, आणि तो स्वस्तात मिळतीय म्हणून डोळे मिटून घेणारा असला तर संपलंच.

बरं हे झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या दारात एक माणूस. मी ऑफिसात. अगदी सभ्य, गाडीत मागच्या सीटवर पोरगं बसलेलं. मीनलला विचारलं, ही विकायची आहे का हो, आम्ही अशीच शोधतोय. ती नाही म्हणाली. थँक्यू म्हणाला आणि जाताना एकदा हिचकडं बघितलं आणि वाकून चाकाकडं. बास, एवढंच. खरंच घ्यायला आलेला असेल बिचारा. पण त्या दिवसापासून माझी झोप गेली बघ. रात्री दोनला गाडीचं दार वाजलं की मी पडद्याआड. आणि तिथं उभा असताना मला कोण आठवतं तर तू, मफलर गुंडाळून, हातात बॅटरी, पंपाची केबल चोरीला जाऊ नये म्हणून विहिरीवर बाज टाकून बसलेला. तेव्हा मी तुला फोनवर काय म्हणालो होतो आठवतंय? तांबं ते किती, नवीन केबल टाक की म्हणालो होतो. तू फोन ठेवलास. आता कळलं का ठेवलास ते.

तर काय काय केलं ते सांगतो, हसू नको. हिचलॉक होतंच, क्लॅम्प पण होता, म्हाताऱ्याचा होता तसलाच, म्हणजे काय लायकीचा ते कळलं. मग शोधायला बसलो. इथं सोल्ड सिक्युअर म्हणून संस्था आहे, ते लोक कुलपं खरोखर फोडून बघतात आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देतात. आमच्या पॉलिसीवाल्याला पण कुठल्या दर्जाचं लावलं ते सांगावं लागतं, आणि जे कुलूप कागदावर लिहिलंय ते चोरीच्या वेळी लावलेलं नसेल तर पैसे विसरायचे, वर सगळ्या चाव्या टेबलावर ठेवून दाखवायच्या. चाव्या म्हटल्यावर तुला लुना आठवली असणार. चावी तूच लावून ठेवलेलीस, मी मरेपर्यंत हेच म्हणणार, पक्याला मध्ये घेऊ नको.

मग डायमंडवालं घेतलं. हे चाकाच्या भोकातून आत जाऊन मागं चेसिसला बोल्टनं बसतं, म्हणजे चाक फिरूच शकत नाही. भारी चीज आहे पण लावताना रिमचं भोक आणि आतलं सॉकेट अगदी समोरासमोर यायला लागतं. दीड टनाची गाडी दोन बोटं पुढं, एक बोट मागं, मी वाकून भोकात बघतोय, आमचा ओंकार मूव्हरचा, म्हणजे कॅरॅव्हॅन जागच्या जागी हलवायच्या मोटरचा, रिमोट धरून, मी थांब म्हणेपर्यंत ती पुढं गेलेली. मीनल खिडकीतून म्हणती, चोराला सोपं पडेल, तुम्हालाच अवघड केलंय. अजून चाक जाम व्हायच्या आत आमचं बोलणं जाम होतंय.

त्यानंतर खांब. ड्राइव्हच्या तोंडाशी जमिनीत काँक्रिट करून स्टीलचा खांब, कुलूप काढलं की आडवा पडतो. तुझ्या भाषेत खुंटाच, फक्त इथं जनावर बांधत नाहीत, वाट अडवतात. खड्डा खणायला मडगावचा आमचा रोझारियो आला, स्विंडनमध्ये गोवेकर भरपूर आहेत हे तुला सांगितलेलं ना, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, तर तो आला, त्यानं ड्रिल आणलं, मी बिअर आणली, आणि खणायच्या आधी गॅसची पाइप कुठून जाते ते बघायला पाहिजे हे त्याच्या बायकोनं सांगितलं म्हणून आज हे पत्र लिहायला मी शिल्लक आहे.

अलार्मचं तर विचारूच नको. आत हालचाल झाली की वाजतो. पहाटे वाजला, मी क्रिकेटची बॅट घेऊन चड्डीवर बाहेर, थंडी अशी की दात वाजतायत, आत कोण तर कोळी. सेन्सरवरच जाळं विणत बसलेला. सगळ्या गल्लीचे दिवे लागले. म्हातारा खिडकीतून हात करून म्हणाला, शाब्बास. ट्रॅकर पण बसवलाय, तो लपवलेला असतो, कुठं ते मीनलला पण सांगितलं नाही, पण थंडीत अलार्म आणि ट्रॅकर मिळून बॅटरी खाऊन टाकतात, मग मध्यरात्री मोबाइलवर मेसेज, बॅटरी लो, आणि माझं काळीज बाहेर. आता छपरावर छोटं सोलर पॅनेल टाकलंय, तेवढ्यानं भागतं. आणि छपरावर भल्या मोठ्या अक्षरात नंबर चिकटवलाय, पोलिसांच्या हेलिकॉप्टरला वरून दिसावा म्हणून. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, वरून इंद्र वाचणाराय का? मग तिनं लिंबू-मिरची बांधायला लावली. हिचलॉकवर बांधलीय. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे गोगलगायींसाठी का? मी हो म्हणालो.

कपाटं उघडी ठेवलीत, पडदे उघडे, गाद्या काढून वरच्या खोलीत, म्हणजे बाहेरून डोकावलं तरी आत काही नाही हे दिसावं. गाद्या काढल्यानं ओल पण धरत नाही, तो एक फायदा. गॅसच्या टाक्या शेडमध्ये. एकानं सांगितलं चाकंच काढून ठेव हिवाळ्यात, स्टँडवर उभी कर, कोण नेतंय. ठेवू कुठं लेका चाकं, वरच्या खोलीत गाद्या आहेत.

आणि एवढं करून काय, तर कापायचंच ठरवलं तर सगळं कापता येतं हे मला पण माहितीय. कुलपाचं काम एवढंच की त्याचा वेळ जावा, आवाज व्हावा, आणि त्यानं म्हणावं जाऊ दे, पुढच्या घरी बघू. दत्त्या, हेच मला खुपतं बघ. म्हणजे माझं डायमंड कुलूप म्हणजे पलीकडच्या माणसाची चोरी. तुझ्याकडं तू बाज टाकून बसलास त्याच आठवड्यात जाधवांच्या विहिरीवरची स्टार्टरपेटी गेली होती ना. तू तेव्हा काही बोलला नव्हतास पण मला आईनं सांगितलेलं की तू जाधवांच्या घरी जाऊन बसला होतास बराच वेळ.

मीनलचं म्हणणं विकून टाक. हप्ते नाहीत, किंमत बरी येईल, त्या पैशात दरवर्षी चार दिवस हॉटेलात राहू आणि रात्री झोपू. तिचं चुकत नाही. दुसरं म्हणजे स्टोरेजला ठेवायची. इथून जवळच एका शेतकऱ्यानं गाई काढून टाकल्या आणि तिथं तारेचं कुंपण, कॅमेरे, गेटला कोड लावून दुसऱ्यांच्या कॅरॅव्हॅन उभ्या करतो, वर्षाला सहा-सातशे पौंड एकेकीचे. तू द्राक्षाचा नाद सोडून हे बघ, ना डाऊनी ना गारपीट. चांगली जागा आहे, पॉलिसीचा हप्ता पण थोडा कमी होतो म्हणे. पण ती तिथं गेली म्हणजे गेलीच रे. जायचं ठरलं की आधी तिकडं जा, आण, भर, परत नेऊन ठेव.

आणि आम्ही काय फिरायलाच वापरतो असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इथली ओढायची वेगळी परीक्षा रद्द केली, साध्या लायसन्सवर चालायला लागलं, त्यानंतर घेतली ही, तेव्हा तू म्हणाला होतास शेवटी साहेबानं बैलगाडी घेतली. पेम्ब्रोकशायरला नेली, डॉर्सेटला नेली, मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर न्यायची नाही त्यामुळं ट्रकवाल्यांशी ओळखी झाल्या, इथलं ते जादूचं सर्कल आहे ना, एका मोठ्याभोवती पाच छोटी, त्यातून पहिल्यांदा ओढताना मीनलनं रामरक्षा म्हटली, मोठ्यानं. पण त्यापेक्षा जास्त ती दारातच वापरली. ओंकारची परीक्षा तिच्यात, माझं ऑफिस तिच्यात, आई आलेली तेव्हा दुपारची तिच्यात पडायची, म्हणायची एसटीला अशी शेगडी असती तर तुझ्या वडलांनी मला काशी दाखवली असती. तुझ्याशी जेवढे लांबलचक फोन झालेत ते सगळे तिच्यातूनच. घरात बोललो की मीनल मध्ये बोलते.

म्हणून नजरेसमोर पाहिजे. आणि नजरेसमोर आहे तोपर्यंत माझी नजर हलत नाही. आत बसून चहा प्यायला जातो आणि आधी तीनही कुलपं ओढून बघतो, चहा गार. गेल्या शनिवारी मित्राकडं जेवायला गेलो तर मी जेवताना मोबाइलवर कॅमेरा बघत होतो, एक कोल्हा सोडून काही नव्हतं, पण तो कोल्हा पण मला संशयित वाटला.

मला तुला हेच विचारायचंय. तू एक दिवस बाज उचललीस. केबल नंतर परत गेली नाही असं नाही, गेली एकदा, मला माहितीय. तरी तू घरी झोपायला लागलास. कसं काय? काय ठरवलंस मनाशी का नुसता कंटाळलास? वहिनीनं दम दिला का? तेव्हा विचारलं नाही, तेव्हा मला ती तांब्याची वायर वाटत होती. खरं खरं सांग, कीर्तन करू नको.

बाकी, श्रद्धाला आयुर्वेदला नंबर लागला ते कळलं, फार बरं वाटलं, तिला माझ्याकडून काय पाहिजे ते विचार, स्टेथोस्कोप वगैरे तूच घेशील, दुसरं काहीतरी सांग. बेदाण्याचा दर काय म्हणतोय? शेडचं कर्ज फिटलं का? वहिनींच्या पाठीचं दाखवलंस का मिरजेला, दाखव. आईकडं जाऊन येतोस ते ती प्रत्येक फोनवर सांगते, मला टोचावं म्हणूनच सांगते.

उत्तर लिही. व्हॉइस नोट पाठवू नको, त्यात तू अर्धा वेळ खोकतोस आणि अर्धा वेळ कुत्र्याला हाकलतोस.

तुझा,
नंद्या

ता.क. मीनलची बहीण पुढच्या महिन्यात येतीय, तिच्या सांगलीच्या घरी वहिनींचा कांदा-लसूण मसाला पोचवशील का. दोन किलो. मागच्या वेळी एक किलो म्हणालो होतो तर पक्यानं वाटेत अर्धा काढून घेतला होता, त्यामुळं या वेळी त्याच्या हातात देऊ नको.